कुलूप लागले की नाही?

रे रोड स्टेशनवर उतरून गोदीच्या दिशेने चालू लागलात, की गोदामांच्या लांबच लांब भिंती लागतात. परदेशातून आलेला माल आयातकर भरेपर्यंत ज्या गोदामात ठेवतात, त्याला बॉन्डेड गोदाम म्हणतात. अशा गोदामांच्या दाराला पूर्वी दोन कुलुपे असत. एक सीमाशुल्क खात्याचे, दुसरे गोदामवाल्याचे. शिवाय एक नोंदवही असे. २०१६ साली बहुतेक गोदामांवरचे सरकारी कुलूप निघाले, नोंदी मात्र राहिल्या. का, ते पुढे ध्यानात येईल.

तुमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उधारीची वही असते ना? तशीच एक वही तुमच्या आईवडिलांच्या नावाने आहे. कोणत्या बँकेचे किती कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, याची ती पतनोंद. आपल्याकडे ती ठेवणारी पहिली संस्था, सिबिल, २००० साली मुंबईत स्थापन झाली. या संस्थांसाठी २००५ साली कायदा झाला आणि आज अशा चार कंपन्या आहेत. नवे कर्ज देण्यापूर्वी बँक ही नोंद पाहते.

आता समजा, एखाद्या भामट्याने तुमच्या वडिलांच्या पॅन क्रमांकावर कर्ज उचलले. पैसे त्याने नेले, थकबाकी वडिलांच्या नावावर चढली. दोन वर्षांनी तुम्ही शैक्षणिक कर्जाचा अर्ज करता, वडील सहकर्जदार म्हणून सही करतात आणि अर्ज नामंजूर होतो. घरात कोणालाच कारण कळत नाही!

अमेरिकेत यावर एक उपाय आहे. पतनोंद ‘गोठवता’ येते, म्हणजे नव्या सावकाराला ती दिसतच नाही. नोंद दिसली नाही की तो सहसा कर्ज देत नाही. २०१७ साली इक्विफॅक्स या कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. २१ सप्टेंबर २०१८ पासून गोठवण्याची ही सोय तिथे कायद्याने फुकट झाली. पण तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांकडे तीन वेगवेगळे अर्ज करावे लागतात. दोन दारे बंद आणि तिसरे उघडे, अशी स्थिती सहज राहू शकते. घरासाठी कर्ज हवे म्हणून एक दार उघडले आणि पुन्हा लावायचे राहून गेले, असेही होते.

यात भौतिकशास्त्राचा एक साधा धडा आहे. जिन्यातला दिवा आठवा. त्याला खाली एक बटण, वर एक. नुसत्या खालच्या बटणाकडे पाहून दिवा चालू आहे की बंद, हे सांगता येईल का? नाही, कारण परिपथाची स्थिती दोन्ही बटणांवर ठरते. दिव्याकडेच पाहावे लागते. ‘मी मागे कधीतरी बटण दाबले होते’ ही आठवण म्हणजे मापन नव्हे. (प्रयोगवहीत आठवणीने आकडे भरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

अमेरिकेसारखी, कायद्याने सर्वांना फुकट मिळणारी गोठवण आपल्याकडे नाही. तिच्या जवळचे कुलूप आहे ते आधारचे. बोटांचे ठसे, बुबुळ आणि चेहरा यांची ओळख मोबाईलवरून बंद करता येते. मग कोणी तुमच्या ठशाची नक्कल वापरू पाहिली, तर पडताळणी नाकारली जाते आणि ३३० हा संकेतांक येतो. तुम्हाला स्वतःला ठसा द्यायचा असेल तेव्हा कुलूप थोड्या वेळापुरते उघडता येते. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. या कुलपाने मोबाईलवर येणारा ओटीपी बंद होत नाही. तो भामट्याला सांगितलात, तर ठशांचे कुलूप काय करणार?

म्हणून आपल्याकडे भर नोंदीवरच द्यावा लागतो. आधार कोठे वापरले गेले याची मागील सहा महिन्यांची यादी पाहता येते. पतनोंदीचा पूर्ण अहवाल चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. चारही अहवाल एकाच दिवशी मागवू नका. दर तीन महिन्यांनी एक मागवलात, तर वर्षभर पहारा राहील. दिलेले कर्ज बँकेला चारही कंपन्यांना कळवावे लागते, त्यामुळे खोटे कर्ज कोणत्याही अहवालात सापडण्याजोगे असते. कर्जापूर्वीची चौकशी मात्र बँक ज्या कंपनीकडे करते, तिच्याच अहवालात दिसते.

घरी एक वही घाला. तारीख, कंपनी, आधारचे कुलूप लावलेले की उघडे, आणि अहवालात अनोळखी काही आढळले का, एवढे रकाने पुरेत. आईवडिलांना मोबाईलचा कंटाळा असेल, तर हे काम तुम्ही त्यांच्या शेजारी बसून करा. त्यांचा पासवर्ड मात्र त्यांच्याकडेच राहू द्या.

अहवालात न घेतलेले कर्ज दिसले, तर त्या बँकेकडे आणि पतनोंद कंपनीकडे त्याच दिवशी लेखी तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक वहीत उतरवावा. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत झाले नाही, तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केला. ते ३० दिवस मोजायला सुरुवात कोठून करायची, हे वहीतली तारीखच सांगते.