ब्रेक मारला की ‘चर्रर्र’ आवाज येतोय? पॅड घरी बदलता येतात, पण गाडी हलवण्याआधी हे वाचा

सेनगावात पंक्चर काढायला वेळ लागत नाही. ब्रेकचं काम निघालं की मात्र सर्व्हिसिंगसाठी हिंगोली, नाहीतर थेट नांदेड. अख्खा दिवस मोडतो. त्यात सोयाबीनची काढणी सुरू असेल तर एवढा वेळ काढणार कोण? मग ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणत लोक महिना-महिना तो आवाज ऐकत गाडी पळवतात.

हा आवाज मुद्दाम दिलेला असतो. बऱ्याच पॅडला लोखंडाची एक बारीक पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि किंचाळते. नव्या पॅडचा मसाला साधारण १० मिलिमीटर जाड असतो, तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. किंचाळण्याऐवजी खरखर ऐकू येत असेल तर मसाला संपलाय आणि लोखंड डिस्कला कापतंय. आता खर्च पॅडपुरता राहत नाही, डिस्कही जाते.

एवढ्याशा पॅडवर किती ताण येतो बघा. १००० किलोची गाडी ताशी ८० च्या वेगावरून थांबवली, तर तयार होणाऱ्या उष्णतेत साधारण पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे पाच-सहा जणांचा चहा. एका ब्रेकमध्ये! ताशी ४० वरून थांबवलं तर ही उष्णता निम्मी नाही, पाव होते. रिसोडमार्गे समृद्धीवर जाऊन ताशी १२० ने गाडी पळवणाऱ्यांनी पुढचा हिशोब स्वतःच करावा.

या उष्णतेचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रममध्ये पॅड नसतात, लायनर असतात, आणि ते काम वेगळं. इथे आपण फक्त पुढच्या डिस्कबद्दल बोलतोय. मागेही डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असलेली गाडी असेल तर मागच्या चाकांना घरी हात लावू नका, तिथे पिस्टन मागे घ्यायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो.

आता काम. सगळ्यात आधी जागा बघा. आपली काळी माती जॅकला धरून ठेवत नाही, पाऊस पडून गेला असेल तर विचारूच नका. फरशी किंवा सिमेंटचा कोबा हवा, जॅकखाली जाड फळी हवी. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी उचलली की खाली जॅक स्टँड लावा आणि काढलेलं चाकही बाजूने गाडीखाली सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालू नका, मिस्तरी घालत असला तरी.

एका वेळी एकच चाक उघडा. अडलं तर दुसऱ्या बाजूचं बघता येतं. पॅड काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण आवाजाची ती पट्टी कुठे होती हे हमखास विसरतं. कॅलिपर मागून दोन बोल्टवर असतो. बऱ्याच गाड्यांत खालचा एकच काढला तरी तो वर उचलता येतो. पूर्ण काढलात तर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. काळी धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवायची नाही, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

नवा पॅड जाड, त्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. इथे एक गंमत होते. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि बॉनेटमधल्या डबीतलं ब्रेक ऑइल खाली जातं. मध्येच कुणीतरी ‘ऑइल कमी झालंय’ म्हणून डबी भरून टाकतं. आता पिस्टन मागे गेला की तेच ऑइल उतू जातं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. म्हणून डबीचं झाकण आधी उघडा, भोवती फडकं लावा, गरज पडली तर थोडं ऑइल काढून घ्या. मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने सावकाश दाबा. कॅलिपर उघडा असताना घरातल्या कुणी पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर येऊ शकतो. पोरांना आधी गाडीतून उतरवा.

कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, ट्रॅक्टरचा डबा आणू नका. पॅड आणि डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

नट फुलीच्या क्रमाने आवळून झाले, चाक बसलं, गाडी खाली आली. थांबा, चावी फिरवू नका!

पिस्टन मागे ढकलल्यामुळे पॅड आणि डिस्कमध्ये आता फट आहे. पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट तळाला जातं, ब्रेक लागतच नाही. हे न तपासता गाडी अंगणातून बाहेर काढली की समोर भिंत असते, नाहीतर माणूस. इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू दाबत राहा, कडक होईपर्यंत. मग इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाईल, तो बूस्टर आहे, घाबरू नका. पण मऊच लागत असेल तर पाइपात हवा शिरली आहे. गाडी हलवू नका, मिस्तरीला घरी बोलवा. चाकाच्या आत ओलसर दिसलं, पिस्टन मागे गेलाच नाही किंवा डिस्कला तडा असला तरी हेच करा.

सगळं ठीक असेल तर ऑइलची पातळी पुन्हा बघा. डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावरच लिहिलेलं असतं, दुसरं कुठलंही ऑइल चालत नाही. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी करा. दोन वेळांमध्ये थोडं अंतर नुसतं चालवा, म्हणजे डिस्क थंड होते. पॅड असेच बसतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून जरा जास्तच लांब राहा.

घरी आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूपच तापलं असेल तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अडकलाय, ते चाक पुन्हा उघडावं लागेल.