लस आधी की डेल्टा आधी?

जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात परभणी तालुक्यातलं मुरुंबा गाव एकाएकी राज्यभरच्या बातम्यांत आलं. तिथल्या एका पोल्ट्रीत दोन-तीन दिवसांत आठ-नऊशे कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि अहवाल बर्ड फ्लूचा आला. मग अंगभर किट घातलेली पशुसंवर्धन खात्याची माणसं, एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारून पुरणं, दहा किलोमीटरच्या आत पक्ष्यांच्या ने-आणीला बंदी. त्याच आठवड्यात, शनिवारी १६ जानेवारीला, देशभर आणि परभणी जिल्ह्यातही आरोग्य कर्मचाऱ्यांना कोरोनाची लस टोचायला सुरुवात झाली.

दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनसाठी धावाधाव सुरू झाली तेव्हा गावोगाव एक वाक्य ऐकू यायला लागलं : ‘लस आली अन् बिमारी वाढली.’ चार बुकं शिकलेला माणूस तेच जरा सजवून सांगायचा, की लसीच्या दबावामुळे विषाणूनं रूप बदललं आणि डेल्टा हे नवं रूप म्हणजे लसीचीच देणगी. आजही घरात लहान मुलाच्या लसीचा विषय निघाला की हे वाक्य डोकं वर काढतं. ते तपासायला परभणी ही सोयीची जागा आहे. कारण लस येण्याआधीच या जिल्ह्यातल्या लोकांचं रक्त तीन फेऱ्यांत तपासलं गेलं होतं.

‘लस सुरू झाली म्हणून डेल्टा आला’

कोरोना किती लोकांच्या अंगावरून गेला हे कळावं म्हणून आयसीएमआरनं देशातले ७० जिल्हे निवडून रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी केली. तिला सिरो सर्व्हे म्हणतात. त्यात महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते : बीड, नांदेड, परभणी, जळगाव, अहमदनगर आणि सांगली. मे-जून २०२० च्या पहिल्या फेरीत देशभरात एक टक्काही लोकांत प्रतिपिंडं सापडली नव्हती, नेमका आकडा ०.७३ टक्के. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत दहा वर्षांवरच्या लोकांमध्ये तो ६.६ टक्के झाला. तिसरी फेरी डिसेंबरच्या मध्यापासून ८ जानेवारी २०२१ पर्यंत चालली आणि आकडा २१ टक्क्यांच्या पुढे गेला. म्हणजे पाचातला एक माणूस, आणि तोही लसीचा पहिला डोस कुणाला मिळण्याच्या आठ दिवस आधी. ही सगळी प्रतिपिंडं आजारातून आली होती. ढोबळ हिशेब केला तर वीस-पंचवीस कोटी शरीरांत विषाणू शिरून, वाढून, बाहेर पडला होता.

आता डेल्टाची जन्मतारीख पाहू. डेल्टा ज्या कुळातला, त्या बी.१.६१७ चा भारतातला सर्वांत जुना नमुना ऑक्टोबर २०२० चा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ भागात रुग्ण झपाट्यानं वाढले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. तेव्हा लस फक्त आरोग्य कर्मचारी आणि पोलिसांसारखे आघाडीवरचे कर्मचारी घेत होते. दुसरा डोस सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते, आणि साठीपुढच्यांची पाळी आली ती १ मार्चला. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं महाराष्ट्रातल्या नमुन्यांचा जनुकक्रम तपासून बी.१.६१७ मधले एल४५२आर, ई४८४क्यू आणि पी६८१आर हे बदल दुसऱ्या लाटेशी जोडले. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंही सांगितलं, की यातल्या पहिल्या दोन बदलांचं प्रमाण महाराष्ट्रात डिसेंबरपासूनच्या तुलनेत वाढलेलं आहे.

बाहेरही तेच. अल्फा या रूपाचे पहिले नमुने इंग्लंडमधले, सप्टेंबर २०२० चे, आणि ब्रिटननं लसीकरण सुरू केलं ८ डिसेंबरला. दक्षिण आफ्रिकेतला बीटा आणि ब्राझीलमधला गॅमाही २०२० सालचेच. त्या देशांत मोहीम सुरू झाली २०२१ मध्ये.

इथं एक हुशार शंका येते : लसीच्या चाचण्या तर २०२० मध्येच चालू होत्या की! होत्या. भारतात कोविशिल्डच्या चाचणीत १,६०० च्या आसपास लोक होते. आयसीएमआरच्या अंदाजानुसार त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत सात कोटींहून जास्त लोकांना संसर्ग होऊन गेला होता. नवं रूप कुठून आलं असेल, सोळाशेतून की सात कोटींतून, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही.

‘विषाणू लसीला घाबरून रूप बदलतो’

विषाणूला घाबरता येत नाही आणि ठरवताही येत नाही. पूर्वी तलाठी हातानं सातबारा उतरवायचा, तेव्हा एखादा गट नंबर चुकायचा, एखादं नाव भलतंच व्हायचं. कोरोना विषाणूचंही तसंच होतं. त्याचा जनुकीय मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे आणि पेशीत शिरल्यावर त्याच्या असंख्य नकला निघतात. चुका सुधारणारी यंत्रणा त्याच्याकडे आहे, तरी काही निसटतात. माणसाकडून माणसाकडे पसरत जाताना महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलत जातात. बहुतेक चुका निरुपयोगी असतात किंवा विषाणूलाच मारक ठरतात. क्वचित एखादी त्याला पेशीत शिरायला मदत करते, आणि तीच नक्कल पुढे पसरते.

म्हणून कोरोनाच्या बाबतीत प्रश्न नकला किती निघाल्या हा आहे. कोव्हॅक्सिनमधला विषाणू रसायनानं निष्क्रिय केलेला असतो. कोविशिल्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा एक विषाणू वाहक म्हणून वापरलेला आहे, आणि माणसाच्या शरीरात त्याची वाढ होणार नाही अशी व्यवस्था आधीच केलेली आहे. दोन्हींमधून कोरोनाची एकही नवी नक्कल निघत नाही, मग चूक कुठून होणार? उलट लस घेतलेल्याला संसर्ग झाला तरी त्याचं शरीर विषाणूला सहसा लवकर आवरतं.

मुरुंब्याच्या कोंबड्या इथंच आठवतात. त्या जातीच्या जीवघेण्या बर्ड फ्लूविरुद्ध आपल्याकडे कोंबड्यांना लस देत नाहीत. २००६ साली नवापूरला देशातली पहिली साथ आली तेव्हापासून धोरण मारून पुरण्याचं आहे. तरीही हा विषाणू १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंगमधल्या बदकवर्गीय हंसांत सापडल्यापासून बदलत राहिला आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींपर्यंत पोचला. त्या गायींनाही या रोगाची लस कुणी टोचलेली नव्हती.

‘नोबेलवाल्या शास्त्रज्ञानंच सांगितलं’

मे २०२१ मध्ये ल्यूक माँतान्ये यांची मुलाखत व्हॉट्सॲपवर फिरली. एचआयव्हीच्या शोधासाठी २००८ चं नोबेल मिळालेले हे फ्रेंच शास्त्रज्ञ. लसच नवी रूपं घडवते, असं ते खरंच म्हणाले होते. ‘लस घेणारे दोन वर्षांत मरतील’ हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडी कुणीतरी घातलं. भारतात कोट्यवधी लोकांनी लस घेतली, दोन वर्षं कधीच उलटली, आणि हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तेव्हा दंड पुढे केलेला असेल. पहिल्या वाक्याचा निकाल वरच्या तारखांनी लागतो. नोबेल मिळालं म्हणून तारखा बदलत नाहीत.

ज्यात तथ्य आहे ते

या अफवेच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे, आणि ती दडवली की लोकांचा संशय वाढतो. ती गोष्ट पोल्ट्रीतलीच आहे.

कोंबड्यांना मॅरेक्स नावाचा विषाणूजन्य रोग होतो. हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लाला त्याची लस देतात. ही लस कोंबडीला मरू देत नाही, पण संसर्ग पूर्ण थांबवत नाही. संशोधक अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की यामुळे फार जहाल वाणाचं फावतं. लस न दिलेली कोंबडी अशा वाणानं इतक्या लवकर मरते की तिच्याकडून रोग फारसा पसरतच नाही. लस दिलेली कोंबडी जगते आणि कित्येक आठवडे विषाणू बाहेर टाकत राहते. जे वाण एरवी स्वतःच्याच जहालपणापायी संपलं असतं, ते टिकून राहतं.

मग हेच कोरोनाला का लागू होत नाही? कारण कोरोनाचा प्रसार रुग्णाच्या मरण्या-जगण्यावर अवलंबून नव्हता. माणूस इतरांना सर्वांत जास्त लागण करतो ती लक्षणं दिसण्याच्या आगेमागे, दोन-चार दिवसांत. जे दगावले ते बहुतेक दोन-तीन आठवड्यांनी, जेव्हा विषाणूचं पसरायचं काम कधीच उरकलेलं होतं. रुग्ण वाचला म्हणून विषाणूला जास्तीची संधी मिळाली असं झालं नाही. आणि मॅरेक्सची हकिकत सांगून लस नाकारणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं : पोल्ट्रीवाल्यांनी ती लस सोडली का? नाही सोडली. जहाल वाणापासून पिल्लू वाचवायला त्यांच्याजवळ तीच आहे.

दुसरी खरी गोष्ट पोलिओची. तोंडावाटे देतात ते थेंब जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूचे. जिथे बरीच मुलं लसीविना राहतात, तिथे हा दुबळा विषाणू मुलामुलांतून महिनोन् महिने फिरत राहिला तर क्वचित पुन्हा रोगकारक बनतो. म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू जगभर काढून टाकला. पण हे घडतं कुठे? लस कमी पोचते तिथे. सगळ्यांना डोस मिळाले की त्याला फिरायला वाट उरत नाही.

लसीमुळे विषाणूवर निवडीचा ताण येतो, हेही मान्य करायला हवं. अंगात प्रतिकारशक्ती असेल तर तिला चुकवणारं रूप पुढे सरकतं. पण ती प्रतिकारशक्ती लसीतून आली की आजारातून, याच्याशी विषाणूला देणंघेणं नाही. आजारातून ती मिळवायची तर आधी कोट्यवधी नकला निघू द्याव्या लागतात, आणि माणसंही गमवावी लागतात. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या सिरो फेरीत ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं होती. त्यातला मोठा वाटा दुसऱ्या लाटेचा. त्याची किंमत प्रत्येक गावाला माहीत आहे.

लहानसहान

बी.१.६१७ ला पडलेलं ‘डबल म्युटंट’ हे नाव ऐकून लोक उगाच हादरले. त्या विषाणूत बदल दोनच नव्हते, डझनाहून जास्त होते. दोन नजरेत भरले म्हणून नाव पडलं.

‘विषाणू दिवसेंदिवस सौम्यच होतो’ हे तर डेल्टानंच खोटं पाडलं. तो आधीच्या रूपांपेक्षा जास्त त्रासदायक होता.

‘नवं रूप आलं की जुनी लस वाया’ हेही अर्धवट. इंग्लंडमधल्या २०२१ च्या अभ्यासात ॲस्ट्राझेनेकाचा, म्हणजे आपल्याकडच्या कोविशिल्डचा, एक डोस डेल्टाच्या लक्षणांपासून सुमारे ३० टक्के संरक्षण देत होता आणि दोन डोस ६७ टक्के. ओमायक्रॉननं लसवंतांनाही सर्रास गाठलं, तरी गंभीर आजार आणि मृत्यूपासूनचं संरक्षण बरंच टिकलं. शिवाय लस बदलता येते. पुण्याच्या जेनोव्हाची ओमायक्रॉनसाठी केलेली लस जून २०२३ मध्ये मंजूर झाली.

‘साथ चालू असताना लस देऊ नये’

असं असतं तर देवी आजही असती. ज्या घरात रुग्ण सापडला त्याच्या भोवतीच्या घरांना तातडीनं लस द्यायची, याच पद्धतीनं १९७५ मध्ये देवीचा रोग भारतातून हटला. जनावरांची बुळकांडी अशीच संपली. २००६ मध्ये भारत तिच्यापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळं जग. लाखो जनावरांना वर्षानुवर्षं टोचूनही बुळकांडीचा विषाणू लसीला चकवू शकला नाही. गोवरही तसाच. त्याची लस १९६३ पासून आहे आणि अजून तिला पुरून उरणारा गोवर निघालेला नाही.

तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईतल्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि राज्यात मुलं दगावली. विषाणू तोच होता, लसही तीच होती. कोरोनाच्या काळात अनेक मुलांचे डोस राहून गेले होते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. दुसऱ्याचाच अनेकांना विसर पडतो. घरातल्या मुलाचं लसीकरण कार्ड काढून तेवढा एक रकाना पाहा, आणि तो कोरा असेल तर गावच्या आशाताईंना विचारून पुढच्या लसीकरण सत्राला मुलाला घेऊन जा.