दुकानाचा फोन दुकानाबाहेर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रौजर नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था लावून देण्याचा व्यवसाय करीत. त्यांचे गिऱ्हाईक हळूहळू कमी होऊ लागले. गावात मरणारांची संख्या तर काही घटली नव्हती! आख्यायिका अशी आहे की, दूरध्वनी केंद्रात तारा जोडून देणारी बाई त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी होती, आणि स्ट्रौजर यांच्यासाठी आलेला फोन ती खुशाल आपल्या नवऱ्याकडे जोडून देई. गोष्टीत मीठमसाला किती हे सोडून देऊ. पण मध्ये कोणीही माणूस नसता आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट स्ट्रौजर यांना १८९१ साली मिळाले, आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी तसले केंद्र सुरू झाले, हा इतिहास आहे.

स्ट्रौजरांचा फोन दुसऱ्याने वळवला होता. आज मला सांगावयाचे आहे ते आपला फोन आपणच कसा वळवावा याविषयी.

सांगली जिल्ह्यातील विटे-खानापूर भागातील पुष्कळ कुटुंबे गलाईच्या धंद्यानिमित्त भारतभर पसरली आहेत. जुने दागिने, पेढीवरचा चुरा वितळवून त्यातील शुद्ध सोने-चांदी वेगळी करणे म्हणजे गलाई. माझा एक मावसभाऊ कोइमतूरला हाच धंदा करतो. एके दिवशी तो मला म्हणाला, "दादा, फोन दुकानात वाजतो आणि मी असतो सराफ बाजारात. चारदा घंटा वाजली की सराफ पुढच्या गलाईवाल्याला फोन लावतो." दुकानातला क्रमांक वीस वर्षांचा. पाटीवर तोच, पावतीपुस्तकावर तोच. तो सोडावा म्हटले तर ओळखच सोडल्यासारखे. कंपनी बदलूनही क्रमांक कायम ठेवण्याची सोय २०११ साली देशभर झाली ती मोबाइलपुरती. तारेच्या दूरध्वनीला ती लाभली नाही. तेव्हा जुना क्रमांक तसाच ठेवून त्यावर येणारा फोन अन्यत्र नेणे, एवढाच मार्ग उरला.

यातला सर्वांत साधा प्रकार दूरध्वनी कंपनीच देते. फोन सरसकट वळवता येतो. किंवा कोणी उचलला नाही तर, लाइन गुंतलेली असली तर, अथवा यंत्रच बंद असले तर, अशा अटींवर वळवता येतो. यात एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फोन करणारा पैसे देतो ते दुकानापर्यंतचे. दुकानापासून तुमच्या खिशापर्यंतच्या दुसऱ्या टप्प्याचा आकार तुमच्या नावे पडतो. तुमच्या योजनेत बोलणे अमर्याद असले, तरी वळवलेले बोलणे त्यात धरले आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे. शिवाय खिशातला मोबाइल एकच. एका सराफाशी बोलणे चालू असता दुसऱ्याचा फोन आला, की गाडी पुन्हा मूळ पदावर.

येथे इंटरनेट उपयोगी पडते. आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहितात. म्हणजे सेकंदाला चौसष्ट हजार बिट झाले. वीस-वीस मिलिसेकंदांच्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर पत्ता घालून त्या रवाना करावयाच्या. पत्त्याचे ओझे धरून एका बाजूचे बोलणे सुमारे ऐंशी किलोबिटांत मावते. तासभराच्या संभाषणाला दोन्ही बाजू मिळून पाऊणशे मेगाबाइटही लागत नाहीत. एक चित्रपट पाहण्यापुढे हा खर्च काहीच नव्हे. कोणाचा फोन कोठे न्यावयाचा हे ठरवणारी जी भाषा आहे तिला 'सिप' म्हणतात. ती १९९९ साली प्रमाणित झाली. फोनांची जुळवाजुळव करणारी अॅस्टेरिस्कसारखी आज्ञावली फुकट मिळते व तळहाताएवढ्या संगणकावरही चालते.

आपल्या देशात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास मुभा मिळाली, परंतु देशातल्या साध्या फोनशी ते बोलणे जोडण्यास नव्हे. ती वाट परवानाधारक कंपन्यांना २०१८ साली मोकळी झाली. म्हणून क्रमांक घ्यावयाचा तो परवाना असलेल्या कंपनीकडूनच. कोणी स्वस्ताईचे आमिष दाखवून सिमकार्डांनी भरलेली पेटी दुकानात ठेवावयास सांगितली, तर त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवावे. परदेशातले बोलणे चोरवाटेने आत आणण्याचा तो उद्योग आहे, आणि पोलीस येतात ते पेटी ज्याच्या घरात असते त्याच्याकडे.

मावसभावाला तो तळहाताएवढा संगणक फार आवडला. तो दुकानात बसवावा असे त्याच्या मनात होते. मी म्हटले, वीज गेली की काय होईल? दुकानातली पेटी बंद, म्हणजे फोन वळवणाराच झोपला. आणि फोन वळवण्याची गरज तर नेमकी तेव्हाच. पूर्वीच्या तांब्याच्या तारेला केंद्रातूनच वीज मिळे. फायबरच्या जोडणीला ती घरची लागते. शिवाय दुकानात येऊन पुन्हा बाहेर जाणारे प्रत्येक बोलणे त्याच जोडणीवरून दुप्पट भार टाकते. म्हणून वळण द्यावे ते कंपनीच्या यंत्रात, आपल्या फळीवर नव्हे. वर्षाकाठी थोडे पैसे जातात, पण मला तरी हा व्यवहार स्वस्तच वाटतो.

मांडणी झाली ती अशी. जुना क्रमांक सरसकट नव्या इंटरनेट क्रमांकाकडे वळवला. नवा क्रमांक दुकानातला इंटरनेट फोन व मावसभावाचा मोबाइल एकाच वेळी वीस सेकंद वाजवतो. कोणी न उचलल्यास घरी वहिनींकडे जातो. पहिल्याच आठवड्यात एक घोटाळा झाला. मोबाइलवरचा न उचललेला फोन दुकानाकडे वळावा, अशी एक जुनी आज्ञा मोबाइलमध्ये राहून गेली होती. दुकान मोबाइलकडे बोट दाखवी, मोबाइल दुकानाकडे. आणि बिचारा सराफ नुसतीच घंटा ऐकत बसे! ती आज्ञा काढल्यावर गाडी सुरळीत चालू लागली. खात्याचा परवलीचा शब्द जोडणाऱ्या कारागिरानेच ठरवला होता, तो बदलला. परदेशी फोन लावण्याची सोय बंद केली. कारण असली खाती रात्री फोडून त्यांवरून परदेशी फोन लावणारे चोर असतात, आणि सकाळी बिल येते ते मालकाला. शिल्लक आगाऊ भरण्याची ठेवली, म्हणजे चोरी झालीच तरी तिला मर्यादा.

आता पुन्हा स्ट्रौजरांकडे येतो. केंद्रातली बाई गेली, पण तिचे काम काही बंद पडलेले नाही. "तुमच्या फोनमध्ये बिघाड आहे, स्टार, चारशे एक, हॅश दाबून हा क्रमांक लिहा", असे सांगणारा कोणी भेटतो. सांगितल्याप्रमाणे केले की तुमचे सारे फोन त्याच्याकडे जातात, आणि बँकेने वा व्हॉट्सअॅपने बोलून सांगितलेला संकेतांकही त्याच्याच कानी पडतो. यास्तव केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने असल्या संकेतांनी फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. मोबाइलवर संशय आला तर दोन हॅश, शून्य, शून्य, दोन, आणि एक हॅश असे दाबावे; त्या मोबाइलवरची सर्व वळणे रद्द होतात. आपण स्वतः घातलेली वळणेही त्यातच जातात, हे मात्र लक्षात ठेवून ती पुन्हा घालावी लागतात. मावसभावाच्या गल्ल्यावर हे संकेत आणि त्याची स्वतःची वळणे एका कागदावर लिहून डकवली आहेत.

परवा मी त्याच जुन्या क्रमांकावर फोन लावला. दुसऱ्या घंटेला त्याने उचलला. मागे भट्टीचा आवाज नव्हता. स्कूटरचे भोंगे मात्र स्पष्ट ऐकू येत होते.