सायकलस्वारानें मोबाइल जवळ बाळगावा काय ?

सायकल हें स्वावलंबनाचें वाहन आहे. तिला इंधन लागत नाहीं, परवाना लागत नाहीं, आणि वाटेंत चाक पंक्चर झालें तर स्वार स्वतःच ट्यूब काढून, ठिगळ लावून, हवा भरून पुढें निघतो. अशा वाहनावर बसणाऱ्यानें संकटसमयीं दुसऱ्यास हांक मारण्याचें यंत्र खिशांत ठेवावें कीं नाहीं, याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. कित्येक म्हणतात कीं, मोबाइल जवळ असला म्हणजे मनुष्य आळशी व परावलंबी होतो. दुसरे म्हणतात कीं, मोबाइल असला म्हणजे भिण्याचें कारणच उरत नाहीं. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्हींत चूकही आहे. ती कोणती, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

पहिल्या पक्षास एक उत्तम उदाहरण देतां येईल. ता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर बसून जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा या तिघांनीं तो प्रवास तडीस नेला. १९२८ सालीं ते मुंबईस परतले तेव्हां त्यांचा सुमारें ७१ हजार किलोमीटरांचा पल्ला झाला होता. मोबाइल त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हता. हातांत धरून चालतां चालतां बोलतां येईल अशा टेलिफोनावरून पहिलें संभाषण मार्टिन कूपर या इंजिनियरानें न्यूयॉर्क शहरीं ता. ३ एप्रिल १९७३ रोजीं केलें, आणि भारतांत मोबाइलवरील पहिलें संभाषण ता. ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. तेव्हां या यंत्रावांचून पृथ्वीप्रदक्षिणा करतां येते, हें निर्विवाद होय. परंतु ते तरुण एकटे निघाले नव्हते, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. एक पडला तर मदतीस धांवणारा दुसरा जवळ होता. शिवाय, जें साधन अस्तित्वांतच नव्हतें तें बरोबर न नेण्यांत कांहीं विशेष शौर्य आहे, असेंही म्हणतां येत नाहीं.

आतां संकटाचें स्वरूप पाहूं. भोरहून महाडकडे जाणारा वरंध घाट किंवा मुळशीवरून माणगांवाकडे उतरणारा ताम्हिणी घाट मनांत आणा. उतारावर खडी पसरलेली आहे, चाक घसरतें आणि स्वार पडून त्याची मांडी मोडते. जवळचें गांव आठ किलोमीटर दूर आहे असें समजूं. सोबती पायीं निघाला, तर ताशीं पांच किलोमीटर वेगानें त्यास तेथें पोहोंचण्यासच दीड तासाहून अधिक वेळ लागेल. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी सुधारणा झाली तींत, दुखापतीनंतरचा पहिला एक तास हा त्वरित उपचारानें प्राण वांचण्याचा सर्वांत अधिक संभव असलेला काळ, अशी व्याख्या केलेली आहे. म्हणजे आपला निरोप्या गांवांत पोहोंचण्यापूर्वींच हा मोलाचा तास सरून जाईल. पूर्वीं गांवोगांवीं दुकानाच्या दारांत पिवळ्या पाटीचा सार्वजनिक टेलिफोन असे. तोही आतां जवळजवळ नाहींसा झाला आहे. एवढा एकच विचार केला तरी मोबाइल जवळ असावा, हें मान्य करावें लागेल.

तथापि हें यंत्र कसें चालतें हें न जाणणाऱ्यास तें ऐन वेळीं दगा देतें. मोबाइल हा एकटा बोलूं शकत नाहीं. तो रेडिओलहरींच्या द्वारें जवळच्या मनोऱ्याशीं संबंध जोडतो. मध्यें डोंगर आला कीं या लहरी अडतात. यामुळें शहरांत उत्तम चालणारा मोबाइल घाटांतील एखाद्या वळणावर मुका होतो, आणि आपण म्हणतों कीं रेंज गेली. अशा वेळीं घाबरून तेथेंच पुन्हां पुन्हां प्रयत्न करण्यापेक्षां, सोबत्यानें उंचवट्यावर चढावें, किंवा ज्या वळणावर रेंज होती तेथवर परतावें. संभाषण होत नसलें तरी लहानसा लेखी संदेश कित्येकदां जातो, कारण त्यास क्षणभराचा संबंध पुरतो. आपल्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीची असेल, तर ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाचा फोन तिच्या मनोऱ्यावरून जाऊं शकतो. मात्र कोणाचीच रेंज नसेल तर ११२ हाही क्रमांक निरुपयोगी आहे. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक २०१४ सालापासून चालू आहे. तोही पाठ असावा.

फोन लागला म्हणजे काम संपलें असें नव्हे. "घाटांत पडलों आहों" एवढ्यानें कोणास बोध होणार ? रस्त्याचें नांव, मागें टाकलेलें गांव, किलोमीटरच्या दगडावरील आंकडा, जखमी किती, ते शुद्धीवर आहेत काय, रक्त वाहत आहे काय, हें क्रमानें सांगावें, आणि पलीकडच्या मनुष्यानें पुरे म्हटल्याशिवाय फोन ठेवूं नये. मोबाइलमधील स्थलदर्शक यंत्र सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा ठरवितें. त्यास मनोऱ्याची गरज नसते. म्हणून रेंज नसतांनाही, डोक्यावर आकाश मोकळें असेल तर, आपले अक्षांश व रेखांश तें दाखवूं शकतें. ते कागदावर उतरून घेऊन सोबत्याजवळ द्यावे.

बॅटरीचीही अशीच गोष्ट आहे. मनोरा दूर असला म्हणजे मोबाइलला अधिक जोर लावावा लागतो, आणि ती लवकर उतरते. सकाळपासून गाणीं ऐकण्यांत व छायाचित्रें काढण्यांत जी शक्ति खर्च झाली ती संध्याकाळीं संकटांत परत मिळत नाहीं. याकरितां घरून निघतांना बॅटरी पूर्ण भरलेली असावी, पावसाळ्यांत मोबाइल प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवींत गुंडाळलेला असावा, आणि तो सायकलीस न बांधतां अंगावर असावा. सायकल दरींत गेली तर तिच्याबरोबर मोबाइलही जातो, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

स्वारच बेशुद्ध पडला तर काय ? त्याचा कुलूपबंद मोबाइल परक्यास उघडतां येत नाहीं. कुलूप न काढतां दिसेल अशी आणीबाणीची माहिती आधुनिक मोबाइलमध्यें भरून ठेवतां येते. ती भरून ठेवावी. त्याहून सोपा व कधींही बंद न पडणारा उपाय म्हणजे खिशांतील कागद होय. त्यावर नांव, गांव, रक्तगट व घरच्या माणसांचा क्रमांक लिहिलेला असावा. ज्या विद्यार्थ्यांस शाळेंत मोबाइल आणण्याची मुभा नाहीं, त्यांनीं तर हा कागद अवश्य बाळगावा. कोणत्या वाटेनें जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हें घरीं सांगून निघावें. मुलगा सातपर्यंत आला नाहीं तर कोणत्या रस्त्यावर शोधावें हें ज्या आईस ठाऊक आहे, तिला मोबाइलच्या रेंजची वाट पाहावी लागत नाहीं.

या साधनांत एक धोकाही आहे. ताशीं वीस किलोमीटर वेगानें जाणारी सायकल दोन सेकंदांत अकरा मीटर पुढें जाते. उतारावर वेग दुप्पट झाला तर बावीस मीटर. आलेला संदेश पाहण्यास दोन सेकंद पुरतात, आणि खड्ड्यांत जाण्यासही तेवढेच पुरतात. म्हणून चालत्या सायकलीवर मोबाइल हातीं घेऊं नये, कानांत नळ्या घालून रस्त्याचा आवाज बंद करूं नये. बोलावयाचें असेल तर रस्त्याच्या कडेस उतरून बोलावें.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या खिशांतील मोबाइल आपल्याच उपयोगाचा असतो असें नाहीं. सायकलस्वार हळू जातो, आणि मोटारवाल्यास न दिसणारा झुडपाआडचा जखमी मनुष्य त्यास दिसतो. पोलिसांचा ससेमिरा मागें लागेल या भीतीनें पूर्वीं पुष्कळ लोक पाहूनही न पाहिल्यासारखें करून निघून जात. २०१९ च्या सुधारणेनें सद्‌बुद्धीनें मदत करणाऱ्यास कायद्याचें संरक्षण दिलें आहे. मदत करतांना नकळत कांहीं चूक झाली तरी त्याबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाहीं. कायद्यांत अशा मनुष्यास जें इंग्रजी नांव दिलें आहे, तें लूककृत शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरून आलेलें आहे. त्या शोमरोन्यानें जखमीस आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें. सायकलीवरून जखमीस नेतां येत नाहीं, परंतु १०८ ला फोन करून त्याच्याजवळ थांबतां येतें.

तात्पर्य, सायकलस्वारानें मोबाइल जवळ बाळगावा. पण त्याआधीं ब्रेक नीट असावे, दिवा लागत असावा, पंप व ठिगळाचें सामान पिशवींत असावें, दूरच्या वाटेस सोबती असावा, आणि घरीं सांगून निघालेलें असावें. वाहतें रक्त स्वच्छ फडक्यानें दाबून धरण्याचें ज्ञानही असावें. कारण मोबाइल हांक मारतो, पण येणाऱ्यास घाट चढून यावाच लागतो, आणि तोंवरचा वेळ जखमीनें व त्याच्या सोबत्यानेंच निभावून न्यावयाचा असतो.