वीकेंडला चंद्रावर? चला, लोणारला!

दिघोरीच्या गच्चीवरून पौर्णिमेचा चंद्र कधी निवांत बघितलाय? त्यावरचे डाग म्हणजे काळ्या बेसॉल्टची मैदानं आणि त्यात अशनींनी पाडलेली विवरं. अगदी तसंच एक विवर आपल्या विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणार! सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. बेसॉल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर मोजकीच, म्हणून चंद्राच्या अभ्यासकांना लोणारचं वेड. शेजारचं छोटं अंबर तळंही चुकवू नका. तेही त्याच धडकेतून झालं का, यावर वाद आहे. २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याच वर्षी रामसर दर्जाही मिळाला. फक्त एक करा. काठावरचे दगड धडकेचे साक्षीदार आहेत. आठवण म्हणून खिशात टाकू नका, प्लीज! फोटो हवे तेवढे काढा.