परदेशीं रुळणें : फादर स्टीफन्सचा दाखला

गेल्या पावसाळ्यांत देवपुरांतील आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो ख्रिस्ती घराण्यांतील. चर्चच्या सेवेसाठीं स्वखुशीनें दोन वर्षें परदेशीं जावयाचें त्यानें ठरविलें होतें. "गुरुजी, तेथें रुळावें कसें?" असें त्यानें विचारलें. पांझरेच्या तीरावर उभें आयुष्य घालविलेल्या आम्हांस परदेशचा अनुभव कोठून असणार? तथापि इतिहासांत दाखले असतात. त्यांतील जो एक आम्हीं त्यास सांगितला, तोच येथें थोड्या व्यवस्थेनें मांडतों.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांतला. इ. स. १५७५ मध्यें रोम येथें तो जेझुइट संघांत शिरला. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरास तो गोव्यास उतरला. हिंदुस्थानांत कायमचा राहिलेला, इतिहासास ठाऊक असलेला पहिला इंग्रज तो हाच. १० नोव्हेंबरास त्यानें बापास पत्र लिहिलें. उतरून सतराच दिवस झाले होते. त्यामुळें वारे, समुद्रपक्षी, प्रवाशांच्या सुजलेल्या हिरड्या हाच पत्राचा मुख्य विषय आहे. नवागताचें असेंच असतें. देह पोंचतो, चित्त अजून वाटेवरच असतें.

याच्याशेजारीं २४ ऑक्टोबर १५८३ चें, भावास लिहिलेलें पत्र ठेवून पाहावें. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्या रचनेसारखी आहे, असें त्यांत तो नमूद करितो. विल्यम जोन्स यांनीं संस्कृताविषयीं हेंच मत कलकत्त्यास मांडलें तें १७८६ मध्यें, म्हणजे दोनशें वर्षांनंतर. चार वर्षांत स्टीफन्सचें लक्ष स्वतःच्या प्रवासावरून लोकांच्या बोलण्याकडे वळलें होतें. रुळण्याची पहिली खूण आम्ही हीच समजतों.

दुसरी खूण त्याच वर्षाअखेरची. राल्फ फिच व त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्यांत कैदेंत पडले, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं स्टीफन्सनें खटपट केली. काल जो पाहुणा होता तो आज दुसऱ्या पाहुण्यांचा आधार झाला. हाच फिच पुढें गोव्यांतून निसटून विजापूर, गोवळकोंडें करीत आपल्या खानदेशांत बऱ्हाणपुरास आला होता, ही गोष्ट येथील वाचकांस ठाऊक असावी.

स्टीफन्सचें कार्यक्षेत्र साष्टी. तेथें घरीं कोंकणी व पुराणश्रवणांत मराठी, असा भेद होता. त्यानें दोन्ही शिकून घेतल्या. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी कोंकणींत लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्यें, रायतूर येथें छापली गेली. ख्रिस्तकथा मात्र मराठी ओवींत रचिली. हें 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रोमन लिपींत छापून निघालें. म्हणजे गोव्यांत पाऊल ठेवल्यापासून सदतीस वर्षांनीं. तीन वर्षांनीं, १६१९ मध्यें, तो गोव्यांतच वारला.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें इतिहासाशीं अप्रामाणिकपणाचें होईल. स्टीफन्स येण्यापूर्वीं बाराच वर्षें, १५६७ मध्यें, साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं होतीं. नवख्रिस्ती लोकांस जुनीं पुराणें मना होतीं. पुराणाची ही उणीव भरून काढण्यासाठींच त्याचा ग्रंथ झाला. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनीं पांच जेझुइट मारिले, तो क्षोभ अकारण नव्हता. आणि पुढें तेथील पुढाऱ्यांस पोर्तुगीजांनीं दग्यानें ठार केलें. ज्या सत्तेच्या छायेंत स्टीफन्स राहिला, तिनेंच १६८४ मध्यें गोव्यांतील देशभाषेच्या वापरावर बंदी घातली. सत्तेला हुकुमानें जी भाषा मोडावयाची होती, तीच एका परक्यानें कानानें व जिभेनें आपली केली होती. त्याच्या धर्मप्रसाराविषयीं वाचकाचें मत कांहींहि असो, हे दोन मार्ग एक नव्हत.

'देश तसा वेष' ही म्हण म्हणूनच आम्हांस अपुरी वाटते. वेष एका दिवसांत बदलतो. आमच्या देवपुरांतहि वर्गांत मराठी व घरीं अहिराणी बोलणारीं मुलें आम्हीं उभ्या नोकरींत पाहिलीं. जो शिक्षक अहिराणी ऐकूं लागला, त्यालाच तीं मुलें घरचें दुःख सांगत.

विद्यार्थ्यास आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, तेथें गेल्यावर प्रथम शिकवूं नको, शीक. सभेंतली भाषा शीक आणि चुलीजवळचीहि शीक. आणि आपल्याआधीं आलेल्यांनीं तेथें काय केलें, याची चौकशी कर. "स्टीफन्सला सदतीस वर्षें मिळालीं, मला दोनच," असें तो हंसून म्हणाला. आम्हीं उत्तर दिलें, "त्याचें भाषेविषयींचें पत्र चौथ्या वर्षीं लिहिलेलें आहे. तूं निदान दुसऱ्या वर्षीं आम्हांस एक पत्र धाड, आणि त्यांत प्रवासाचें वर्णन नको."