फॉर्मवरचा कोरा रकाना

गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचा रिपोर्ट येतो आणि त्यात ‘ॲबनॉर्मल’ हा शब्द दिसतो. मग घरात कोणी कॅन्सर झाला म्हणून रडायला लागते, तर कोणी तो कागद कपाटात कपड्यांखाली सरकवून देते. दोन्ही चूकच. या तपासणीत निरोगी पेशी कधी कधी हुबेहूब आजारी पेशींसारख्या दिसतात. त्यांच्यात फरक करायला डॉक्टरांना जी माहिती लागते, तीच आपल्या बहिणी लाजेपोटी सांगत नाहीत.

पूर्वी पॅप तपासणीत पेशी काचेच्या पट्टीवर हाताने पसरत. आता बऱ्याच ठिकाणी ‘लिक्विड बेस्ड सायटॉलॉजी’ करतात. लहानशा ब्रशने घेतलेल्या पेशी औषधी द्रवाच्या बाटलीत टाकतात. लॅबमध्ये त्यातले रक्त आणि चिकट स्राव बराचसा वेगळा होतो आणि काचेवर पेशींचा पातळ थर बसतो. चित्र स्वच्छ दिसते, पण त्यातही एक गोम आहे. द्रवात पडलेली पेशी आक्रसते, गोल होते आणि तिचे केंद्रक लहान दिसते. काचेवर सपाट पसरणारे पुंजके इथे गोळ्यासारखे उभे राहतात. शिवाय पेशींच्या आजूबाजूचा जो ‘कचरा’ डॉक्टरांना पूर्वी खुणा देत असे, तोही बराच कमी होतो. म्हणून या पट्ट्या वाचायला नजर नव्याने तयार करावी लागते.

सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो पाळी गेलेल्या बायकांच्या पेशींनी. शरीरातले इस्ट्रोजेन कमी झाले की गर्भाशयाच्या तोंडावरचा थर पातळ पडतो. वरच्या मोठ्या, पसरट पेशी तयारच होत नाहीत. ब्रशला लागतात त्या खालच्या थरातल्या, लहान आणि गोल पेशी. त्यांत केंद्रक मोठे आणि भोवतीचा भाग थोडा. आणि कॅन्सरच्या आधीचा गंभीर बदल, ज्याला रिपोर्टात ‘एचएसआयएल’ म्हणतात, त्यातल्या पेशीही लहान आणि मोठ्या केंद्रकाच्याच असतात! मग अनुभवी पॅथॉलॉजिस्ट केंद्रकाची कड पाहतात. वयामुळे बदललेल्या पेशीची कड गुळगुळीत असते आणि आतला रंग सारखा, बारीक दाण्यांचा. आजारी पेशीची कड वेडीवाकडी, खाचा पडलेली असते आणि आतले दाणे जाड, कुठे दाट कुठे विरळ. तरीही शंका राहिली तर डॉक्टर काही वेळा थोडे आठवडे इस्ट्रोजेनचे मलम लावायला सांगून तपासणी पुन्हा करतात. वयाचा परिणाम असेल तर पेशी पुन्हा भरदार होतात. खरा आजार असेल तर त्या तशाच राहतात आणि स्वच्छ पार्श्वभूमीवर उठून दिसतात.

हाच देखावा बाळाला पाजणाऱ्या तरुण आईच्या पट्टीवरही दिसू शकतो. फॉर्मवर ‘अंगावर पाजते आहे’ एवढे तीन शब्द नसतील, तर तीस वर्षांच्या बाईच्या अशा पेशी पाहून वाचणारा बुचकळ्यात पडणारच.

तांबीचेही तसेच. गर्भाशयात बसवलेल्या तांबीच्या घर्षणाने काही पेशी फुगतात, त्यांच्यात पोकळ्या होतात आणि त्या ग्रंथींच्या कॅन्सरसारख्या भासतात. काही सुट्या, लहान, गडद केंद्रकाच्या पेशी थेट एचएसआयएलसारख्या दिसतात. तांबी बसवल्याचे आपल्याकडे अनेकदा सासूपासूनही लपवलेले असते. मग सासू शेजारी बसली असताना फॉर्म भरणारी मुलगी ते कसे सांगणार? अशा वेळी आत, डॉक्टरीणबाईंना एकटीने सांगावे.

जंतुसंसर्गात पेशीच्या केंद्रकाभोवती पांढरे वलय दिसते. एचपीव्ही विषाणूनेही वलय पडते, पण ते रुंद आणि रेखीव असते, आणि आतले केंद्रक मोठे व सुरकुतलेले असते. संसर्गाचे वलय अरुंद असते आणि केंद्रक साधारण नेहमीएवढेच. म्हणून अंगावरून पांढरे जात असेल, खाज असेल, तर तेही सांगायचे. पाळीच्या सुरुवातीच्या दहा-बारा दिवसांत गर्भाशयाच्या आतल्या पेशी गळून येतात आणि त्यांचे गडद, दाट गोळे घोळ घालतात. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख हवी. हा रकाना सर्वांत जास्त वेळा कोरा असतो याचे नवल वाटते. नमाज आणि सुटलेल्या रोज्यांसाठी हैजच्या दिवसांचा हिशेब आपल्या घरांतल्या बायका चोख ठेवतात. तीच तारीख फॉर्मवर लिहायची आहे.

रिपोर्टात ‘एएससी-यूएस’ आले तर त्याचा अर्थ, पेशी थोड्या वेगळ्या दिसतात पण नक्की सांगता येत नाही. अशा वेळी बऱ्याचदा त्याच बाटलीतल्या उरलेल्या द्रवावर एचपीव्हीची तपासणी होते, पुन्हा आत तपासून घ्यावे लागत नाही. ‘एएससी-एच’ किंवा ‘एचएसआयएल’ आले तर मात्र थांबायचे नाही. कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने पाहणे, आणि गरज पडल्यास छोटा तुकडा काढून तपासणे, हे लवकर करून घ्यायचे. या टप्प्यावर उपचार सोपे असतात.

एचपीव्ही तपासणीचे वजन किती, हे आपल्याच मराठवाड्यात दिसले. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,31,000 स्त्रियांचा अभ्यास झाला आणि 2009 साली तो प्रसिद्ध झाला. ज्या गटात एकदाच एचपीव्ही तपासणी करून गरजूंवर उपचार झाले, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मात्र एक गोष्ट घरातल्या पुरुषांनीही ऐकावी. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून तो कधी आणि कोणाकडून आला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. त्यावरून बायकोच्या चारित्र्यावर संशय घेणे हा जुलूम आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातोही.

उलटी चूकही होते. खऱ्या आजाराच्या पेशी कधी कधी हजारोंमध्ये दोन-चारच असतात, लहान आणि एकट्या, आणि त्या साध्या बदलाच्या म्हणून नजरेतून सुटतात. म्हणून पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, किंवा पती-पत्नी संबंधानंतर रक्त गेले, तर ‘मागच्या वर्षीचा रिपोर्ट नॉर्मल होता’ म्हणून अम्मीला, खालाला घरी बसवू नका. डॉक्टरांकडे न्या.

तपासणीला जाताना पाळी चालू नसावी. आधीचे दोन दिवस आतून औषध, मलम लावू नये, आत पाण्याने धुऊ नये आणि संबंधही टाळावा. वय, शेवटची पाळी किंवा ती बंद झाल्याचे वर्ष, बाळंतपण कधी झाले, पाजत असाल तर ते, तांबी, गोळ्या, आधी झालेले उपचार, आणि रक्त जात असेल तर केव्हापासून, हे घरीच एका चिठ्ठीवर लिहून न्या. तोंडाने बोलायला लाज वाटली तर चिठ्ठी नुसती पुढे करा.